चौथी पट्टी

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, ऐन भरात होता. बाहेर कावळासुद्धा सावली सोडत नव्हता आणि धकात्यांच्या स्वयंपाकघरात दोन्ही शेगड्यांवर कढया चढल्या होत्या. एवढ्या उन्हात तुपातलं गोड करायची आणि ते दुसऱ्याच्या गळी उतरवायची बुद्धी माणसाला फक्त अधिक महिनाच देऊ जाणे. गोपिकाबाई पहाटेपासून पुरणाचे धोंडे करत होत्या. जावयाचा लग्नानंतरचा पहिला धोंडा होता, तो काही थंडीपर्यंत ढकलता येत नव्हता.

मदतीला म्हणून कामठीहून शेअर ऑटोनं आलेल्या त्यांच्या नणंदबाई, यमुताई, स्टुलावर बसून मदत सोडून बाकी सगळं करत होत्या. डोक्यावर नवाकोरा काळा गॉगल चढवला होता आणि पदर त्याच्यावरून घेतल्यामुळे डोक्याला दोन टेंगळं आल्यासारखी दिसत होती.

"ताई, अनारशाले हात नका लावू. वाणाचे आहेत. तेहेतीस मोजून ठेवले."

"मोजलेल्याले कोण हात लावून राहिलं वं? एखादा फुटका आहे का, ते पाहून राहिली मी."

"आन् हा गॉगल कायले?"

"वाळवंटात डोळ्यात रेती जाते," यमुताई सहज म्हणाल्या, जणू संध्याकाळच्या बसनंच निघायचं होतं.

गोपिकाबाईंनी झारा कढईवर आपटला. या सगळ्या गोंधळाचं मूळ वरच्या खोलीत एसी लावून गाढ झोपलं होतं. भूमिका, त्यांची थोरली. एका देशी कंपनीत विमान चालवायची, हैदराबादला राहायची. दोघांपैकी उजव्या सीटवर बसायची, म्हणजे कॅप्टनच्या हाताखाली. काल रात्री ती सुटीवर आली, कुलरपुढं बसून दोन वाट्या आमरस प्यायली आणि वाटी चाटता चाटता म्हणाली, "आई, आखातातल्या एका मोठ्या कंपनीनं मले बोलावलं. उद्या संध्याकाळपर्यंत हो का नाही ते कळवायचं आहे." एवढं बोलून ती झोपायला गेली. उरलेलं घर मात्र पहाटेपर्यंत टक्क जागं होतं.

"ताई, तुमी तिले फूस नका लावू," गोपिकाबाई म्हणाल्या. "हैदराबाद आहे तवर ठीक आहे. रेल्वे आहे, बस आहे. समुद्रापलीकडं पोट्टी गेली का माहं काय चालन तिथं?"

"तुहं इथं काय चालते? एक मोजा ठेवून घेते, दुसरं काय?"

हे मात्र खरं होतं. जाणाऱ्याची एखादी वस्तू घरी राहू द्यावी, म्हणजे माणूस त्या ओढीनं परत येतो, ही गोपिकाबाईंच्या माहेरची समजूत. भूमिका पहिल्यांदा ट्रेनिंगला गेली तेव्हापासून दर खेपेला त्या तिच्या बॅगेतून गुपचूप काहीतरी काढून घेत. एक मोजा, एक कानातलं, कंगवा, चार्जरची नुसती वायर. बिस्किटाचा एक मोठा पत्र्याचा डबा अशा एकेकट्या वस्तूंनी गच्च भरला होता. एकदा घाईत त्यांनी चुकून विमानतळाचा पासच ठेवून घेतला, तेव्हा धाकट्या विक्कीला मोटरसायकलवरून सोनेगावच्या विमानतळापर्यंत सुसाट जावं लागलं होतं. तेव्हापासून भूमिका मोजे डझनानं घ्यायची आणि आईला काही बोलायची नाही.

"तुमचे मालक असते तं असे नसते बोलले," गोपिकाबाई म्हणाल्या.

"माहे मालक?" यमुताई खुदकन हसल्या. "माह्या मालकानं पहिल्या धोंड्याले काय केलं, आठवते न?"

ते त्यांच्या तांडापेठ मोहल्ल्यात सगळ्यांनाच आठवत होतं. धकात्यांच्या घरची रीतच होती. पहिल्या धोंड्याला जावई पाटावर बसतो, घास उचलतो आणि परत ताटात ठेवतो. रुसतो. मग तो मागेल ते घरानं द्यायचं, नाही म्हणायचं नाही आणि तो जेवेपर्यंत घरातल्या कोणी पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. यमुताईंच्या मालकांनी सायकल मागितली होती. सीताबर्डीच्या बाजारातून सायकल येईपर्यंत सगळं घर उपाशी बसलं आणि सायकल आल्यावर जावईबुवांनी इतके धोंडे हाणले की तिच्यावर टांग टाकणं काही त्यांना जमेना. शेवटी सायकल हातात धरून कामठीपर्यंत पायी गेले.

आठवण सांगता सांगता यमुताई एकदम गप्प झाल्या. गोपिकाबाईंचा झाराही हवेत थांबला. जावई रुसतो. मागेल ते द्यावं लागतं. दोघींच्या डोक्यात एकाच क्षणी एकच दिवा लागला होता, फक्त उजेड उलट्या बाजूंना पडला होता. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि दोघी घाईघाईनं उन्हाबद्दल बोलू लागल्या.

*

जावई, म्हणजे भूमिकेचा नवरा सौरव, याला आखाताची बातमी फोनवर कळली होती, पण घरातल्या या बेतांचं काही माहीत नव्हतं. त्याला फक्त भूक लागली होती. सावनेरजवळ त्याची संत्र्याच्या कलमांची नर्सरी होती. सकाळीच झाडांना पाणी देऊन तो पिकअप घेऊन निघाला होता. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळला होता आणि सासरी पोटभर जेवायचं म्हणून सकाळचा नाश्ता मुद्दाम टाळला होता. माणूस गुणी होता. दोष एकच, समोरच्यानं काहीही सांगितलं तरी तो आधी "बरं" म्हणायचा आणि विचार नंतर करायचा.

गल्लीच्या तोंडाशीच विक्कीनं गाडी अडवली.

"जिजाजी, आज रुसान न तुमी? मंग एक काम करा. म्हणा, का भूमिकाले जाऊ द्या म्हणून."

"तुले काहून एवढी घाई?"

"तिचं करियर आहे न!" विक्कीनं छातीवर हात ठेवला. मग सौरव नुसताच पाहत राहिला तेव्हा हात खाली घेतला. "आन् वरची एसीवाली खोली. ती येणार म्हणून आई बारा महिने ती बंद ठेवते. मी खाली कुलरपुढं उकडून राहिलो, जिजाजी. माणूस हाओ मी, अंडं नाही."

"बरं," सौरव म्हणाला.

समोरच्या खोलीत सासरे वसंतराव कुलरला पाठ लावून बसले होते. त्यांनी जावयाला हाताला धरून शेजारी बसवलं आणि कुलरच्या घरघरीचा फायदा घेऊन कानात बोलले.

"जवाईबापू, दिवाळीपर्यंत तिची कॅप्टनची ट्रेनिंग होऊन जाते. चार पट्ट्या लागतात खांद्यावर. चार! आन् तिकडं गेली का पुन्हा उजव्या सीटवर बसा, पुन्हा तीनच पट्ट्या, पुन्हा रांगेत सगळ्यात मागं. मी चहाच्या टपरीवर सगळ्याइले सांगून बसलो. लोकं मले कॅप्टनचे बाप म्हणून हाका मारून राहिले."

"पण मामाजी, अजून ती झाली कुठं?"

"म्हणूनच तं! तुमी रुसा. म्हणा, ती इथंच राहिली पाहिजे."

"बरं," सौरव म्हणाला आणि हात धुवायला मागं गेला.

मोरीजवळ यमुताई उभ्याच होत्या. त्यांनी गॉगल डोळ्यांवर ओढला, बहुधा गुप्त बोलणं म्हणून. "जवाईबापू, तिकडच्या कंपनीत घरच्याइले तिकीट फुकटात भेटते म्हणे. मी जन्मात रामटेकच्या पलीकडं गेली नाही. तुमी तिले पाठवाच. मी तुमाले खजूर आणतो."

"बरं, आत्याबाई."

बाहेर आला तर गोपिकाबाई पन्ह्याचा पेला घेऊन उभ्या. पेला हातात देताना त्या एवढंच म्हणाल्या, "बाप्पा, तिले जाऊ नका देऊ." त्यांचे डोळे भरून आले होते. कांदा तर त्या दिवशी घरात चिरलाच नव्हता.

"बरं, मामी," सौरव म्हणाला. पन्हं घशाखाली उतरताना आपण काय करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो पेला हातात तसाच घेऊन जिना चढला.

*

भूमिका बॅगेत डोकं खुपसून बसली होती. "कालच आली आन् आईनं एक मोजा काढूनबी घेतला. या वेळी लवकर उरकलं तिनं."

"भूमिका, मी मेलो," सौरव म्हणाला आणि पलंगावर बसून त्यानं सगळं सांगितलं. विक्कीची खोली, मामाजींच्या चार पट्ट्या, खजूर, पन्हं.

"तू चौघाइलेबी बरं म्हटलं?"

"एकेक जण आले न! सगळे एकदम आले असते तं ध्यानात आलं असतं."

आधी तिला हसू फुटलं. मग त्याला. मग विमान चालवणारी बाई आणि कलमं बांधणारा माणूस तोंडात उशी कोंबून, खाली आवाज जाऊ नये म्हणून धडपडत लोळू लागले. हसणं थांबलं की एकानं फक्त "खजूर" म्हणायचं, की पुन्हा सुरू. शेवटी भूमिका डोळे पुसत भिंतीला टेकून बसली.

"हसून राहिलो खरं," ती म्हणाली, "पण मले भेव लागून राहिलं."

"विमानाचं?"

"बाबाचं." ती मोजा बोटाला गुंडाळत राहिली. "सौरव, मले जायचं आहे. रातच्या वेळी ज्या मोठ्या विमानात बसून लोकं अर्धं जग पार करतात न, ते मले चालवायचं आहे. इथं मी तेच ते करून राहिली. हैदराबाद, इंदूर, पुन्हा हैदराबाद. पट्ट्या चार झाल्या तरी इंदूरच. तिकडं तीनच पट्ट्या राहतीन, पण खाली समुद्र राहीन. हे मी सगळ्याइले सांगू शकतो. बाबाले नाही सांगू शकत. तो माणूस मी कॅप्टन होऊन राहिली म्हणून दोन वर्षांपासून हवेत चालून राहिला."

"आन् मले विचारलं नाही तू."

"विचारून राहिली न आता. तुले काय पाहिजे?"

"मले जेवाले पाहिजे," सौरव म्हणाला. तिनं मोजा फेकून मारला. तो मग हसला नाही. "तू हैदराबादले असली तरी मी कलमं बांधतो, आखातात गेली तरी कलमंच बांधीन. तू नसली का घर भकास लागते, ते तं लागतेच. पण तू घरी राहून इंदूरसारखं तोंड करून बसली तं ते माह्याच्यानं पाहवणार नाही. जा तू. पण बाबाले तूच सांग. मी नाही सांगणार."

"आन् तू कोणासाठी रुसणार?"

"तेच तं कळून नाही राहिलं," सौरव म्हणाला. खालून विक्कीनं ताटं मांडल्याची हाक दिली.

*

वसंतराव सकाळपासून सारखे वाणाच्या तामणाकडं पाहत होते. आयुष्यभर त्यांनी कामठीच्या पावरलूमवर दुसऱ्याचं कापड काढलं. पण त्यांचा बाप कोष्टी होता, हातमागाचा, आणि मागच्या खोलीतला तो जुना माग त्यांनी मोडू दिला नव्हता. गेले काही दिवस ते दुपारी दार लावून त्या मागावर बसत. घरात सगळ्यांना वाटे, म्हातारा झोपतो. काल रात्री जो तो आपापल्या काळजीत होता, त्याचा फायदा घेऊन त्यांनी शेवटचे टाके घातले आणि ती वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी लपवली. वाणाच्या तामणात, अनारशांच्या खाली. वाण देईपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. मूळ बेत दिवाळीचा होता. आता बेत असा की जावई रुसेल, पोरगी राहते म्हणेल आणि मग आपण ऐटीत पुडी काढून सगळ्यांसमोर देऊ.

पाटाभोवती रांगोळी होती. सौरवला कुंकू लावलं, ओवाळलं. गोपिकाबाईंनी टसरचा रुमाल घातलेलं तामण उचललं, त्यावर दिवा ठेवला आणि त्या थबकल्या.

"एक कमी वाटून राहिला."

"काही कमी नाही," यमुताई फार पटकन म्हणाल्या. त्यांच्या हनुवटीला खसखस चिकटली होती.

"ताई!"

"फुटका होता वं तो!"

"वाण कमी नाही देत मी," असं म्हणून गोपिकाबाईंनी दिवा खाली ठेवला आणि मोजण्यासाठी सगळं तामण सुपात पालथं केलं. वसंतराव "अवं, थांब!" म्हणून उठेपर्यंत अनारसे सुपात होते आणि वर्तमानपत्राची पुडी सगळ्यांच्या मधोमध.

विक्कीनं ती उघडली. आत काळ्या कापडाच्या दोन लहान पट्ट्या, खांद्यावर बसतील अशा, आणि प्रत्येकीवर जरीच्या चार सोनेरी रेघा. आणि रेघांना दोन्हीकडून करवती किनार. करवतीच्या दातांसारखी, बारीक, एकही दात चुकलेला नाही.

"हे काय बाप्पा, बाहुलीचं झंपर?" यमुताईंनी विचारलं.

कोणी हसलं नाही. भूमिकेनं एक पट्टी हातात घेतली. तिला कळलं होतं. वसंतरावांना वाटलं, आता खोटं बोलावं, म्हणावं नातवासाठी आहे. पण नातू नव्हता आणि खोटं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"दिवाळीले देणार होतो," ते म्हणाले. "कॅप्टन झाली असती तवा. हातानं काढलं. जिंदगीभर दुसऱ्याचं काढलं, म्हटलं एकडाव तुह्यासाठी काढून पाहाव. डोळे आता साथ नाही देत, पण निघालं."

"बाबा, कंपनी किनारवाली पट्टी घालू नाही देत," भूमिका कशीबशी म्हणाली.

"काहून? करवती वाईट दिसते का?" वसंतरावांनी तिच्या हातून पट्टी घेतली आणि दोन्ही उजेडात धरून पाहिल्या.

यावर भूमिका हसली आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. विक्की आईकडं पाहू लागला, आई जावयाकडं, आणि आत्याबाईंनी त्या गडबडीत दुसरा अनारसा उचलला. काहीतरी करायला हवं म्हणून सौरवनं धोंड्याचा घास मोडला, तोंडापर्यंत नेला. वास नाकात गेला. मोठ्या कष्टानं त्यानं तो परत ताटात ठेवला.

"मी रुसलो," तो म्हणाला.

चार चेहरे एकदम उजळले. यमुताईंनी गॉगल सरळ केला. विक्कीनं मूठ आवळली. गोपिकाबाईंनी डोळे मिटून देवाला हात जोडले. वसंतराव जावयाकडं अशा विश्वासानं पाहू लागले की सौरवला घाम फुटला.

"आधी एक सांगतो. मले चौघाइनं सांगितलं आन् मी चौघाइले बरं म्हटलं."

"चौघाइले?" गोपिकाबाईंचे डोळे उघडले. "कोण चौघं?"

मग जे झालं ते शेजारच्या घरातही ऐकू गेलं. गोपिकाबाई नणंदेला म्हणाल्या की खाल्ल्या अनारशाला तरी जागा. यमुताई म्हणाल्या की जावयाला पन्ह्यातून फितवणारीनं बोलू नये. विक्कीचं खोलीचं प्रकरण बाहेर आलं आणि वसंतराव त्याला म्हणाले, "अबे, बहिणीले देशाबाहेर काढतो का एसीसाठी?" विक्की म्हणाला, "तुमी तं टपरीवाल्यासाठी थांबवून राहिले!" वसंतराव आणि गोपिकाबाई एकाच बाजूचे होते हे दोघांना तेव्हा कळलं आणि बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच एकमत झालेलं पाहून दोघंही क्षणभर ओशाळले.

"माहं मागणं राहिलं," सौरवनं आवाज चढवला. तो कधी चढवत नसे, म्हणून सगळे थांबले. "हा पाट आज भूमिकाले द्या. माह्या जागी ती रुसन. आन् ती मागन ते द्या."

"पोरगी कुठी धोंड्यावर रुसते?" यमुताई म्हणाल्या. "रीत नाही आपली."

पोरगी काय मागणार ते गोपिकाबाईंना तेव्हाच कळलं होतं. पण त्यांची नजर नवऱ्याच्या हातातल्या त्या करवती किनारीवर होती आणि पोरीच्या ओल्या गालांवर.

"जवाई मागन ते द्यायचं, हे रीत आहे न? त्याइनं पाट मागितला. देऊन टाका," त्या म्हणाल्या. "बस वं बाई."

भूमिका पाटावर बसली. समोर धोंडे निवत होते. तिनं घास उचलला, ठेवला. रीतीप्रमाणे सगळं झालं पाहिजे म्हणून तिनं थोडं तोंडही फुगवलं. विक्कीला हसू आवरेना.

"मी जाऊन राहिली, बाबा," ती म्हणाली. "मी हो म्हणणार आहे. मले तिथं तीनच पट्ट्या राहतीन आन् लय वर्ष राहतीन. चौथी भेटन तवा भेटन. तुमाले टपरीवर मान खाली घालावी लागन. पण मी चार पट्ट्या लावून इथं राहिली आन् रोज वर पाहत राहिली, तं तुमी मले पाहून खुश नाही राहणार. माहं मागणं एकच आहे. ह्या मले द्या. पण चौथी रेघ काढून द्या. तुमच्या हातानं."

वसंतरावांनी पट्ट्या मुठीत घट्ट धरल्या. कुलर घरघरत होता. त्यांच्या मनात आलं की नाही म्हणावं, रीत गेली खड्ड्यात. त्यांना पोरीचा राग आला, खरोखरचा, आणि त्या रागाच्या खाली काय आहे तेही त्यांना दिसलं. टपरीचं तर काहीच नव्हतं. लोक दोन दिवस विचारतील आणि विसरतील. त्यांना भीती एवढीच होती की समुद्र ओलांडून गेलेली पोरगी आपल्याला विसरून जाईल आणि इथं आपण म्हातारे होऊन मागाच्या खोलीत दार लावून बसू.

"गेली का नाही येत लोकं परत," ते म्हणाले.

"मी येईन, बाबा."

"सगळे असंच म्हणतात."

"मी सगळ्याइसारखी नाही. मी धकात्याइची आहो."

यमुताईंनी नाक ओढलं. त्यांना सांगायचं होतं की धोंडे थंड झाले तर कडक होतात, पण पहिल्यांदाच त्यांना गप्प बसावंसं वाटलं.

"विक्की, कैची आण," वसंतराव म्हणाले.

चष्मा त्यांनी शर्टाच्या टोकाला पुसला. पट्टी गुडघ्यावर धरली आणि कैचीचं टोक चौथ्या रेघेखाली घालून एकेक टाका उसवू लागले. आपलेच टाके, म्हणून कुठं घट्ट आहेत आणि कुठं ढिले ते त्यांना पाठ होतं. एका खांद्याची रेघ निघाली, मग दुसऱ्याची. काळ्या कापडावर तीन रेघा राहिल्या आणि चौथीच्या जागी बारीक भोकांची ओळ. वसंतरावांनी अंगठ्यानं ती ओळ घासली, भोकं मिटली. तीन रेघांच्या त्या दोन्ही पट्ट्या त्यांनी पोरीच्या हातात दिल्या, मग काय वाटलं कोण जाणे, परत घेतल्या आणि तिच्या सुती कुडत्याच्या दोन्ही खांद्यांवर स्वतः ठेवून पाहिल्या.

"उंच झाल्यासारखी दिसते," ते म्हणाले.

आता गोपिकाबाईंना रडू आवरेना. "आता कधी निघशीन? बॅग भरावी लागन, लोणचं बांधावं लागन, माहं तं अजून लोणचंच घातलं नाही..."

"आई, नोटीस सहा महिन्याची असते!" भूमिका ओरडली. "मी परवा हैदराबादले जाऊन राहिली. बस! आखात थंडीत."

"थंडीत?" यमुताईंनी गॉगल काढून हातात घेतला आणि त्याच्याकडं फसवल्यासारखं पाहिलं. "मंग मी हा आत्तापासून घालून कायले उकडून राहिली?"

सगळं घर फुटलं. विक्की भिंतीला धरून हसला, सौरव पाटाशेजारी जमिनीवर बसून हसला आणि हसता हसता भूमिकेच्या ताटातला धोंडा त्यानं सरळ तोंडात कोंबला. "रुसणं संपलं न? मंग जेवू द्या आता," तो भरल्या तोंडानं म्हणाला. भूमिकेनंही घास घेतला. मग काय, ताटांवर ताटं पडली, तुपाची वाटी फिरली, पाटोडीची भाजी आली आणि वाणातले अनारसे कोणी मोजेना.

वसंतरावांच्या डाव्या हातात त्या दोन सोनेरी रेघा अजून तशाच होत्या.

"द्या तिले त्याबी," गोपिकाबाई हलकेच म्हणाल्या. "डबीत ठेवन. कॅप्टन झाली का लावन."

"नाही," वसंतराव म्हणाले. त्यांनी रेघांची नीट घडी केली. "ह्या घरीच राहतीन. लागतीन तवा येऊन घेऊन जाईन ती."

गोपिकाबाई नवऱ्याकडं पाहत राहिल्या. एवढी वर्षं मोज्यांवरून आपल्याला हसणारा हा माणूस. त्यांनी पदरानं डोळे कोरडे केले, नवऱ्याच्या ताटात आणखी एक धोंडा वाढला आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "माह्या डब्ब्यात ठेवा मंग. मोज्याच्या बाजूले."